गणपुलेची शेवटची इच्छा

२ एप्रिल

शाळा सुटून चार वर्षं झाली, तरी लाल पेन हातात आलं की मला हुशारी येते. आज अनंतच्या हस्तलिखिताची सगळी २११ पानं तपासून संपवली. चुका सतरा, त्यातल्या अकरा मजल्यांच्या आणि वारांच्या. नवऱ्याच्या सगळ्या गणपुले-कादंबऱ्या मी अशाच वाचल्या. गणपुले मंगळवारी परग्रहावर गेला तर सोमवारी परत कसा येतो, लिफ्ट नवव्या मजल्यावर होती ती सातव्यावर कशी सापडली. अनंत म्हणायचा, "सुलभा, भूत आहे ते. त्याला वार लागू नाहीत." मी म्हणायचे, वाचकाला आहेत.

पान २११ वरची शेवटची ओळ: गणपुले पिंडाकडे बघत म्हणाला, "माझी इच्छा एवढीच की

बस. अवतरणचिन्हसुद्धा बंद केलेलं नाही. दुपारी पेन ठेवून 'जरा पडतो' म्हणाला आणि उठलाच नाही. साडेनऊ महिने झाले.

वर्षश्राद्ध १४ जूनला. तोवर हे वाक्य मला पुरं करायचं आहे. शब्द दिलाय. तोही कावळ्याला.

३ एप्रिल

ते दहाव्या दिवसाचं एकदा लिहूनच ठेवते. विश्वासभावजी सांगलीत प्रत्येकाला वेगवेगळं सांगताहेत. परवा कोणीतरी फोनवर मला म्हणालं, कावळा म्हणे माझ्या खांद्यावर बसला होता.

खरं असं. दहावा इथून जवळच्या कोवलमला केला. जागा भावजींनी निवडली. समुद्र आहे, मोकळं आहे, म्हणाले. इकडचे तमिळ भटजी, वाध्यार, आले होते. त्यांच्याकडे कावळ्याचा प्रश्नच नाही, रोज सकाळी घरोघर भात ठेवतात आणि का-का ओरडलं की कावळा हजर. आपल्याकडे मात्र कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची इच्छा राहिली. मग घरच्यांनी ती ओळखायची आणि मोठ्याने शब्द द्यायचा. पिंड ठेवला आणि दीड तास कावळा फिरकला नाही. भावजी सुरू झाले. "अन्या, निखिलचं लग्न करू!" कावळा नाही. "दुसरं लग्न चांगलं बघून करू!" नाही. (पहिलं मोडलं ते काय अनंतमुळे मोडलं?) "वहिनींना सांगलीला घेऊन जातो!" मी डोळे वटारले. कावळाही आला नाही, शहाणा होता.

ऊन असं की वाळूत पाय ठेववेना. वाध्यारांना पुढचं काम होतं, ते सारखे घड्याळ बघायचे. आमचा मुलगा निखिल खाली मान घालून उभा. शेवटी मी वैतागून म्हटलं, "बरं बाबा, गणपुलेला मी सोडवते. वर्षाच्या आत." आणि उतरला की मेला कावळा! एक आला, मागून चार.

भावजी रडले. मीसुद्धा.

९ एप्रिल

पुण्याहून प्रकाशकांचा फोन. जूनअखेर पुस्तक काढायचंय, शेवटचं प्रकरण एखाद्या तरुण लेखकाकडून लिहून घेऊ का, विनोदी लिहिणारे दोनतीन आहेत. म्हटलं, तो तरुण लेखक कावळ्याशी बोलला होता का? मग म्हणाले, "बाई, पण तुम्ही कधी लिहिलेलं नाही." मी म्हटलं, मी अडतीस वर्षं दहावीच्या मुलांना भूमिती शिकवली आहे. पक्ष दिलेला असतो, साध्य दिलेलं असतं, मधल्या पायऱ्या भरायच्या असतात. इथे साध्य म्हणजे गणपुलेची सुटका. त्यात अवघड काय आहे?

१५ जूनची मुदत मागून घेतली.

१० एप्रिल

पक्ष मांडून पाहिला. गणपुले आवडी गावातल्या, अनंतच्याच कारखान्यात स्टोअरकीपर होता, तिथेच मेला आणि भूत झाला. पुढे आम्ही आवडीचं क्वार्टर सोडून पेरुंगुडीला फ्लॅट घेतला तेव्हा अनंतने त्यालाही इकडे आणलं, लिलावात गेलेल्या एका लोखंडी कपाटातून. तेव्हापासून गणपुले एका आयटी कंपनीच्या लिफ्टमध्ये. चौदा मजल्यांची इमारत, लिफ्टमध्ये तेराचं बटण नाही. जिथे बटण नाही तिथे गणपुले बोट दाबतो आणि दार परग्रहावर उघडतं. तिथलं सरकार तीन पायांच्या कारकुनांचं. प्रत्येक अर्ज तीन प्रतींत, एक एक पायाने धरायला.

सातव्या भागात त्याला सुटायचं आहे. दहावा व्हायचा राहिलाय म्हणून ते कारकून त्याचा दहावा घालतात. पण ग्रहावर कावळा नाही. मग खात्याकडून प्रमाणित यांत्रिक कावळा मागवतात. तो पिंडासमोर बसतो आणि म्हणतो, इच्छा सांगा, रकाना क्रमांक चार. गणपुले तोंड उघडतो, आणि पान २११.

अनंतचं मला आश्चर्य वाटतं. कारखान्यात दिवसभर तोंडातून शब्द न काढणारा माणूस.

१८ एप्रिल

पहिला प्रयत्न: गणपुलेला फिल्टर कॉफी हवी असते. साडेचार पानं.

समोरच्या फ्लॅटमधल्या सरसाक्कांना वाचून दाखवलं. ह्या तंजावरच्या मराठी लोकांतल्या, वय ७६. त्यांचं मराठी ऐकलं की मला वाटतं कोणीतरी जुनी बखर उघडून बोलतंय, मध्ये मध्ये तमिळ घालून. अनंत प्रत्येक प्रकरण आधी त्यांना वाचून दाखवायचा. त्या हसल्या की ठेवायचा, नाही हसल्या तर फाडायचा.

ऐकून घेतलं. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सुलभा, हें गणपुले नव्हे गे. कॉफीसाठीं कोण इतकीं वर्षें लिफ्टांत राहील? पावम्, बिचारा, त्याला दुसरें कांहीं पाहिजे."

फाडलं.

२९ एप्रिल

आणखी पाच फाडले. बढती. पेन्शन. बायकोला एकदा भेटायचंय (सरसाक्का: "त्याला बायको कधीं होती?" मला आठवेना, पानं उलटून बघितली, नव्हती). समुद्र बघायचाय. सूड.

मला हरल्यासारखं मुळीच वाटत नाही. सहा पर्याय बाद झाले म्हणजे उत्तर जवळ आलं.

६ मे

अग्निनक्षत्र लागलं, इकडचे सगळ्यात कडक उन्हाचे दिवस. दुपारी बाराला खिडकीची कडी हाताला लागली तर भाजली. सरसाक्का ह्या दिवसांत गच्चीवर कावळ्यांसाठी पाणीही ठेवतात. सव्वानऊला भात, त्यांचे कावळे घड्याळ लावल्यासारखे येतात. आज त्यांच्याबरोबर वर गेले होते. भात ठेवून कठड्यापासून चार पावलं मागे आलो नाही तोच तिघे उतरले.

मग कोवलमला दीड तास का लागला?

दिवसभर हा प्रश्न डोक्यात. पिंडाला कावळा न शिवण्याची दोन कारणं असू शकतात, एक इच्छा आणि दुसरं काहीतरी. दुसरं कोणी तपासलंच नाही.

९ मे

कोवलम. सकाळच्या बसने एकटी गेले. डब्यात भाताचा गोळा, तीळ घालून, अगदी त्या दिवसासारखा. जागा तीच, वेळ तीच, आठ चाळीस. कुठलाही शब्द द्यायचा नाही, मनातसुद्धा काही म्हणायचं नाही, असं ठरवून गेले होते. मनात सतराचा पाढा म्हणत बसले.

कावळा नाही. नऊ वाजले. नाही. साडेनऊ. पन्नास पावलांवर छोट्या होड्या लागल्या होत्या, बायका वाळूवर मासळीचा लिलाव करत होत्या, आणि कावळे तिथे. झाडून सगळे! टोपल्यांवर, जाळ्यांवर, माणसांच्या पायांत. दहा वाजून पाच मिनिटांनी लिलाव संपला, टोपल्या उचलल्या, आणि सात मिनिटांत कावळा माझ्या भातावर.

एक मासेवाली माझ्याकडे बघून हसत होती. तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, तिकडे मासळी असताना तो तुमचा भात खायला कशाला येईल?"

आम्ही सगळे पिढ्यान् पिढ्या भाताचे. त्या दिवशी तिथे अकराजण होतो, भावजी तर बँकेतले मॅनेजर. एकाच्याही डोक्यात आलं नाही की मासळीबाजाराशेजारी पिंड ठेवतोय. वास आला म्हणून नाकाला रुमाल लावून उभे होतो सगळे!

१२ मे

एकदा झालं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. पुन्हा गेले. लिलाव आज लवकर संपला, ९.४०. कावळा ९.४९.

सिद्ध.

१३ मे

म्हणजे अनंतची काही इच्छा राहिली नव्हती. मी दिलेल्या शब्दाला अर्थ नव्हता. मी मोकळी. भावजींना फोन करून सांगणार होते, नंबर लावला आणि ठेवून दिला.

हस्तलिखित कपाटात टाकलं. प्रकाशकांना उद्या कळवते, बोलवा तुमचा तरुण लेखक.

१७ मे

कळवलं नाही.

झालंय असं की गणपुले तसाच उभा आहे. तोंड उघडं, समोर तो यांत्रिक कावळा, मागे तीन पायांचे कारकून खोळंबलेले. भाजी चिरताना दिसतो, लिफ्टमध्ये दिसतो. आज आमच्याच लिफ्टमध्ये मी एकटी होते आणि मोठ्याने म्हणाले, "अहो सांगा ना काय ते!" चौथ्या मजल्यावर दार उघडलं, बाहेर कुरिअरवाला.

अनंतची फार आठवण येते. हे मी इतके दिवस कुठे लिहिलं नव्हतं. आठवण येते म्हणून लिहितेय मी ते प्रकरण, कावळ्याला बोलले म्हणून नाही. हस्तलिखित परत टेबलावर.

२१ मे

संध्याकाळी निखिलच्या खोलीत कपडे ठेवायला गेले तर टेबलावर बाराखडीचा तक्ता. लहान मुलांचा, अ अननसाचा. प्रत्येक अक्षराखाली त्याने पेन्सिलीने तमिळ अक्षर लिहिलंय. शेजारी गणपुलेचा पहिला भाग. अनंत प्रत्येक भागाची एक प्रत त्याला द्यायचा, आत 'चि. निखिलला, बाबा' असं लिहून. सहा प्रती. त्या शेल्फवर जशाच्या तशा होत्या, त्याला मराठी वाचताच येत नाही. घरात बोलतो, पण शाळेत दुसरी भाषा तमिळ. माझीच शाळा. मी त्याला कलनशास्त्र शिकवलं, अक्षरं शिकवली नाहीत. अनंत म्हणायचा, शिकव ना गं. मी म्हणायचे, सुट्टीत बघू. त्या सगळ्या सुट्ट्या माझ्या अंगावर आल्या आज.

तो ऑफिसातून आला तेव्हा मी तिथेच बसलेली. ओशाळला. म्हणाला, "आई, मी कोवलमला मनात प्रॉमिस केलं होतं. बाबा, मी तुमची बुक्स वाचीन म्हणून. म्हटलं आणि क्रो आला. लगेच. तू गणपुलेचं काहीतरी बोललीस ना, सेम टाइम. मग मला वाटलं, तुझ्यामुळे आला असेल. पण माझ्यामुळे आला असेल तर?"

चौतिसाव्या वर्षी, दहा तास ऑफिस करून, अ अननसाचा.

दहा वाजून पाच मिनिटं, ९.४०, ९.४९, सगळे आकडे जिभेवर होते. गिळले. आयुष्यात पहिल्यांदा सिद्ध झालेली गोष्ट मी कोणाला सांगितली नाही.

"कितव्या पानावर आहेस?" एवढंच विचारलं.

"तीन."

कधीपासून, विचारलं तर म्हणाला, जानेवारीपासून.

२७ मे

नि. पान ५ वर. मी शिकवू का म्हटलं. नको म्हणाला, तू ओरडतेस.

ओरडते.

माझे प्रयत्न सात, आठ आणि नऊ फाडले. नववा बरा होता. सरसाक्का हसल्या, पण पंखा बंद पडला म्हणून हसल्या असाव्यात.

३ जून

अकरा दिवस उरले. मी खरं तर शांत आहे, पण काल भातात मीठ दोनदा पडलं. सरसाक्का म्हणाल्या, "पहिलें पुस्तक परत वाच गे. मनुष्य मरतांना काय मागेल तें मरण्याअगोदर कळतें." म्हटलं, मला पहिला भाग पाठ आहे, चारदा तपासलाय.

५ जून

लिहिते. ताटं तशीच पडलीत, आधी हे लिहिते.

जेवताना नि. म्हणाला, "आई, गणपुलेला ती पोच शेवटी मिळते का?"

"कसली पोच?"

"पोच म्हणजे रिसीट ना? मी समोरच्या सरसापाट्टीला विचारलं. फर्स्ट चॅप्टरमध्ये आहे."

पुस्तक घेऊन आला. पान ७. बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं, पुरी गार होईपर्यंत. गणपुले असेंब्ली शॉपला चाळीस फ्यूजचा खोका पाठवतो. पोच येत नाही. तो खिडकीशी बसून वाट बघतो. पाचचा भोंगा होतो, सगळे घरी जातात, हा बसून राहतो. माणसाने काही पाठवलं तर समोरच्याने 'मिळालं' एवढं तरी लिहावं की नाही, असं पुटपुटतो. आणि खुर्चीतच जातो.

इतकंच आहे. नऊ ओळी. मग लगेच भूत होऊन उठतो आणि धमाल सुरू होते, आणि वाचणारा विसरतो. मी विसरले.

माझी प्रत काढून पाहिली. पान ७ वर माझं लाल पेन आहेच. चाळीसभोवती गोल, बाजूला प्रश्न: '४० की ४२? पुढे पान ३१ वर ४२ म्हटलंय.' चारदा वाचलं आणि चारदा खोका मोजला.

नि. ला म्हटलं, तू हुशार आहेस. तो म्हणाला, "स्लो आहे म्हणून दिसलं."

९ जून

झालं. सहा पानं, एका बैठकीत, खाडाखोड नाही. पान २११ वरचं वाक्य पुरं केलं: गणपुले पिंडाकडे बघत म्हणाला, "माझी इच्छा एवढीच की त्या चाळीस फ्यूजची कोणीतरी पोच द्या."

मग यांत्रिक कावळा गोंधळतो, रकाना चारमध्ये पोच हा पर्यायच नाही. कारकून तिन्ही पायांवर धावत सुटतात. ग्रहाच्या अभिलेखागारात खोका सापडतो, त्यावर नाव कोणाचं, सही कोणी करायची, ह्यावर मंत्रिमंडळ पडतं. सरसाक्का पोट धरून हसल्या. शेवटाला थांबल्या. चष्मा पुसला. म्हणाल्या, "सेरी, ठीक. हा गणपुले. आतां जाऊं दे त्याला."

पण सही कोण करतं, ते पान मी मोकळं ठेवलंय. मला अजून ठरवता आलेलं नाही. मुदत १५ तारखेची आहे.

१२ जून

नि. चा पहिला भाग संपला. १६८ पानं, हा आठवडा रजा टाकून, रात्रीसुद्धा जागून. सकाळी चहाच्या वेळी पेन मागायला आला. नंतर त्याचं टेबल आवरताना (आवरतच होते) पुस्तक उघडून पाहिलं. पहिल्या पानावर अनंतचं ते 'चि. निखिलला, बाबा', तेरा वर्षांपूर्वीची शाई. त्याखाली वेडीवाकडी अक्षरं, ळ उलटा काढून परत सरळ केलेला:

मिळालं. निखिल.

पुस्तक होतं तसं ठेवलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले.

बाकीच्या पाच प्रती पाहिल्या. अनंतच्या ओळीखाली अर्थात कोरं. दुसऱ्यात खूण घातलीय, पान २.

मोकळं ठेवलेलं पान भरलं. एक ओळ लागली, त्याच्याकडून उसनी.

१४ जून

वर्षश्राद्ध. भावजी पहाटेच्या गाडीने आले. ह्या वेळीही कोवलमच म्हणत होते. मी म्हटलं, गच्चीवर. कारण विचारलं तर म्हटलं, गुडघे. सरसाक्कांनी जिन्यातच सांगून टाकलं, "भिऊं नका हो, इथले कावळे माझें ऐकतात."

हे गच्चीवरच लिहितेय, टाकीच्या सावलीत. घास ठेवला ९.१५ ला, मुद्दाम. आसपास मासळीबाजार नाही, मी काल फिरून बघून आले. हिशोबाने दोन मिनिटांत शिवायला हवा.

नि. म्हणाला, "आई, थांब. आधी मी बाबांना लास्ट चॅप्टर वाचून दाखवतो." सहा पानं! भावजींनी माझ्याकडे बघितलं, मी कागद त्याच्या हातात दिले. तो घासासमोर उभा राहून मोठ्याने वाचायला लागला.

९.४०. कावळा आलाय. टाकीवर बसलाय, मान वाकडी करून. खाली उतरत नाही. सरसाक्का का-का करून थकल्या. भावजींचे हात जोडलेले, ओठ हलताहेत, देवाशप्पथ ते पुन्हा मला सांगलीला न्यायचं बोलताहेत.

मी ह्या वेळी कोणताही शब्द देणार नाही.

नि. तिसऱ्या पानावर आहे. भावजी दोनदा म्हणाले, भराभर वाच रे. माझं हस्ताक्षर छापील नाही, जोडाक्षर आलं की तो अडतो आणि माझ्याकडे बघतो. मी सांगत नाही, लागेल त्याचं त्याला. ती ओळ शेवटच्या पानावर आहे.